३६५ एनएम यूव्ही टॉर्च: जुन्या अमेरिकन फोटोंच्या नादी लागला असाल तर आधी ही घ्या

ॲन्सेल ॲडम्स, वेस्टन, लुईस हाइन असल्या फोटोग्राफर मंडळींच्या ओरिजिनल प्रिंटवर लोक हजारो डॉलर घालतात, पण वीस-तीस डॉलरची टॉर्च घ्यायला कां कू करतात, हे मला कधी कळलेलं नाही. सर्टिफिकेट, फ्रेम, लूप (बारकाईने बघायचं भिंग) सगळं घेतील, हे नाही. प्रिंटचा कागद सांगितलाय त्यापेक्षा नंतरचा असेल तर ही टॉर्च ते पकडू शकते. म्हणून हा रिव्ह्यू.

घेताना एकच बघायचं, ३६५ नॅनोमीटर (यूव्ही उजेडाची तरंगलांबी) पाहिजे आणि पुढे काळी फिल्टरची काच पाहिजे. ३९५ वाली स्वस्तात मिळते पण तिच्यातून जांभळा उजेड एवढा सांडतो की सगळंच जांभळं दिसतं आणि जे बघायचंय ते त्यात बुडून जातं. ती नका घेऊ. बाकी कंपनी कुठलीही चालते, माझी यूएसबीवर चार्ज होते, साधी आहे, काम करते.

वापरायची कशी, तर खोलीत अंधार करायचा, प्रिंट फ्रेममधून बाहेर (काचेतून बघून काही उपयोग नाही, त्यात यूव्ही अडवणारी काच असेल तर विसराच), आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, मग पुढच्या पांढऱ्या कडेवर दोन-तीन सेकंद उजेड मारायचा. जुना कागद मंद, मळकट, जरा पिवळट दिसतो, म्हणजे काहीच घडत नाही. नंतरच्या काळातला कागद असेल तर असा निळसर पांढरा पेटतो की शेजारी कोणी उभं असेल तर तोही ओ म्हणतो. कपड्यांना टिनोपॉल घालायचे ना, तसलीच भानगड आहे ही, ऑप्टिकल ब्राइटनर म्हणतात त्याला, आणि फोटोच्या कागदात ते १९५० च्या दशकात यायला लागलं.

आता याचा फायदा काय ते हाइनच्या प्रकरणावरून कळतं. हाइन वारला १९४० साली. त्याचा 'पॉवरहाऊस मेकॅनिक' (१९२०, पाठ वाकवून मोठा पाना फिरवणारा तो कामगार) आणि इतर फोटोंच्या सही-शिक्क्यासकट प्रिंट बाजारात व्हिंटेज (म्हणजे फोटो काढला त्याच सुमारास बनवलेल्या) म्हणून चांगल्या किमतीला जात होत्या, मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी लोकांना शंका आली की इतक्या छान अवस्थेतल्या इतक्या प्रिंट येतात कुठून, कागद तपासला तर त्यात ब्राइटनर निघालं. म्हणजे फोटोग्राफर गेल्यानंतर बनलेल्या कागदावर त्याची सही! एफबीआयपर्यंत गेलं ते प्रकरण. कागदाच्या धाग्यांचीही तपासणी झाली तेव्हा, पण पहिली शंका पक्की करायला असली टॉर्चही पुरते.

आणि नेहमी फसवणूकच असते असं नाही हां. डोरोथिया लँगची 'मायग्रंट मदर' (१९३६) घ्या, ती निगेटिव्ह लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या सरकारी ग्रंथालयाकडे आहे, कोणीही प्रिंट मागवू शकतं, आणि गेली कित्येक वर्षं लोक मागवतायत. तीच प्रिंट दोन हात फिरली की ऑनलाइन लिस्टिंगमध्ये आपोआप 'व्हिंटेज' होते, विकणाऱ्यालाही माहीत नसतं बिचाऱ्याला. ॲडम्सचं 'मूनराइज' तर त्याने स्वतःच १९४१ पासून पुढची तीसेक वर्षं प्रिंट केलं, त्यामुळे सही खरी, प्रिंट खरी, फक्त चाळीसच्या दशकातली की सत्तरच्या, यावर किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. तिथे मात्र टॉर्चआधी डोळे वापरा, सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आभाळात ढग दिसतात, नंतर त्याने ते पार काळंकुट्ट करून टाकलं. मला ढगवाली जास्त आवडते, पण माझ्या आवडीला कोण विचारतंय.

आता मुख्य गोष्ट, आणि यावरून लोक वाद घालतात. टॉर्च एकाच बाजूने बोलते. कागद पेटला तर तीसच्या दशकातली प्रिंट म्हणून विकणाऱ्याला तुम्ही गप्प करू शकता. पण नाही पेटला म्हणजे जुनीच आहे असं अजिबात नाही, ब्राइटनर न घातलेले कागद नंतरही बनतच होते, आणि कोणाकडे जुना कोरा कागद पडून असेलच की. उलटही होतं, प्रिंट जुनी पण ज्या पुठ्ठ्यावर चिकटवलीय तो नवा, मग तो चमकतो आणि आपण उगाच घाबरतो, म्हणून नीट बघा नक्की काय चमकतंय.

दुकानात किंवा ऑक्शनच्या प्रिव्ह्यूला न विचारता खिशातून काढू नका, एकदम झडती घेतल्यासारखं वाटतं समोरच्याला. मी आधी प्रिंट हातात घेऊन दोन चांगले शब्द बोलतो, मग विचारतो. चांगला डीलर स्वतः दिवे घालवतो, काहींकडे तर माझ्यापेक्षा भारी लाइट असतो. एका ठिकाणी मात्र "आमच्यावर विश्वास नाही का" असं ऐकावं लागलं, मी हसलो, थँक्यू म्हणालो आणि निघालो.

टॉर्चच्या तक्रारी: पाच मिनिटांत गरम होते. झोत फार बारीक, मोठ्या प्रिंटवर ठिपका ठिपका फिरवत बसावं लागतं. बटणाला लॉक नाही, त्यामुळे बॅगेत आपोआप चालू राहते आणि नेमकी प्रिव्ह्यूच्या दिवशी बॅटरी गेलेली असते. डोळ्यांसाठी यूव्ही अडवणारा चष्मा सोबत येत नाही, तो वेगळा घ्या, आणि प्रिंटवर उगाच मिनिटभर रोखून धरू नका, कागदाला ते चांगलं नाही.

साडेचार स्टार. अर्धा त्या बटणाने खाल्ला.