चित्रं कुठे लावायची: कॅफेची भिंत की सभागृह?

वस्तीतल्या लोकांनी काढलेली चित्रं जास्तीत जास्त लोकांनी पाहावीत, एवढाच हेतू असेल तर कॅफेची भिंत सरस. तिथे माणसं येतातच. सभागृहात मुद्दाम बोलवावं लागतं, आणि येतात ती बहुधा चित्रकारांचीच नातलग.

पण भिंतीचे नखरे फार. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटीमीटरवर हवा. समोर टेबल आलं की व्हीलचेअर जवळ जातच नाही, म्हणून ९० सेंटीमीटर वाट मोकळी ठेवा. एका हुकावरचं चित्र धक्क्याने तिरकं होतं, दोन लावा. कॉफी मशीनजवळ कागदावरचं काम नको, वाफेने त्याला लाटा येतात. खिडकीसमोरची भिंतही टाळा, चित्रावरच्या काचेत चित्राऐवजी खिडकीच दिसते. नावाची पट्टी किमान १८ पॉइंटच्या अक्षरांत, मॅट म्हणजे न चकाकणाऱ्या कागदावर.

सभागृहात उजेड आणि अंतर आपल्या हातात. शिल्पं, बोटांनी चाचपून पाहायच्या कलाकृती तिथेच ठेवाव्यात. टेबलांच्या गर्दीत त्या टिकत नाहीत. मात्र चित्रं टांगायची पॅनेल उभारण्या-उतरवण्यातच वेळ जातो, आणि उद्घाटन झालं की हॉल ओस.

कॅफेत सहा-आठ आठवड्यांनी चित्रं बदला, नाहीतर नेहमीच्या गिऱ्हाइकांचं लक्षच जात नाही. आणि चित्र खराब झालं तर भरपाई कोणी द्यायची, हे टांगण्याआधीच लिहून घ्या.