तंबोरा वेगळा, झूम वेगळं: ओबीएस की व्हॉइसमीटर?

सदाशिव पेठेतली माझी एक मावशी झूमवर गाणं शिकवते. शिष्या परदेशात, तंबोरा ब्राउझरमध्ये, मावशी माइकवर. तासाचं रेकॉर्डिंग करताना तिघांचा आवाज एकाच ट्रॅकवर (आवाजाच्या एकाच पट्टीवर) आला की तंबोरा कमी करायला जावं, तर शिष्याच गायब! मग आवाज वेगवेगळे ठेवायला विंडोजवर ओबीएस आणि व्हॉइसमीटर हे दोन्ही रस्ते करून पाहिले.

ओबीएस स्टुडिओ हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम फुकट आहे. २०२२च्या २८व्या आवृत्तीपासून त्यात एकेका प्रोग्रॅमचा आवाज थेट पकडता येतो. झूमचा एक सोर्स, ब्राउझरचा दुसरा; मग ऑडिओच्या प्रगत सेटिंगमध्ये कोणता सोर्स कुठल्या ट्रॅकवर जाणार ते टिक करायचं. ट्रॅक एकूण सहा. मात्र ‘डेस्कटॉप ऑडिओ’ (कॉम्प्युटरचा सगळा आवाज एकत्र पकडणारा सोर्स) बंद करायला विसरू नका, नाहीतर सगळं दोनदा येतं. (आमचा पहिला तास असाच वाया गेला.) रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाइल प्रकारात ठेवा, मध्येच वीज गेली तरी तोवरचं बहुधा वाचतं. प्लेअरमध्ये एकच ट्रॅक ऐकू आला तर घाबरू नका, बाकीचे एडिटरमध्ये दिसतात.

व्हॉइसमीटर बनाना (व्हॉइसमीटरचीच एक आवृत्ती) म्हणजे आभासी मिक्सर, वेगवेगळे आवाज एकत्र करून कमी-जास्त करणारा प्रोग्रॅम. त्यात प्रोग्रॅमसाठी दोनच आभासी इनपुट, आणि कोणता प्रोग्रॅम कुठे जाणार ते विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ठरवायचं. रेकॉर्डिंग चालू असताना ऐकत ऐकत इक्वलायझर फिरवायचा असेल, तर मजा इथेच. पण एक सेटिंग चुकलं की शिष्येला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो.

मावशीच्या लॅपटॉपवर मी ओबीएसच ठेवलंय.