इंग्रजी वाक्य तपासायची साधनं : काही महिन्यांच्या वापरानंतर

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) परदेशी पाठवायचं तर पत्रव्यवहार इंग्रजीतच. त्यासाठी व्याकरण तपासणारं ब्राउझरमधलं एक फुकट एक्स्टेंशन आणि गूगलचा एनग्राम व्ह्यूअर ही जोडी काही महिने रोजच्या वापरात आहे.

एक्स्टेंशन स्पेलिंग, 'अ' आणि 'द', एकवचन-अनेकवचन नीट पकडतं. पण 'वी विल डिस्पॅच द मटेरियल टिल फ्रायडे' बिनदिक्कत सोडून देतं, कारण व्याकरणात खोट नाही. वाचणाऱ्याला मात्र शुक्रवार येईतो माल जातच राहणार असं वाटतं. हवं होतं 'बाय फ्रायडे'. आपलं 'पर्यंत' दोन्हीकडे चालतं, म्हणून ते आपल्याही डोळ्यांना खुपत नाही. मुदतीचं वाक्य मशीनवर सोडू नयेच.

एनग्राम चूक-बरोबर सांगत नाही; छापील पुस्तकांत काय किती वापरलं गेलं तेवढं रेघांच्या आलेखात दाखवतो. एका तुकड्यात जास्तीत जास्त पाच शब्द चालतात, म्हणून शंकेचा भाग तोडून घ्यायचा आणि पर्याय स्वल्पविरामाने शेजारी टाकायचा: 'डिस्कस द, डिस्कस अबाउट द'. दुसरी रेघ तळाला चिकटते. ती दिसते म्हणून प्रयोग बरोबर, असं मात्र नाही. खालच्या दुव्यांतून पुस्तकं उघडून बघावीत. 'व्हॉट दे डिस्कस अबाउट द...' अशी वेगळ्या रचनेची वाक्यंही त्यात मोजली जातात. उलट, 40 पेक्षा कमी पुस्तकांत आलेला तुकडा तो दाखवतच नाही. 'सापडलं नाही' म्हणजे 'चूक' नव्हे.

शब्दयोगी अव्यय आठवत नसेल तर त्या जागी फुली: 'कॉम्प्लाय * द' टाकलं की सर्वाधिक वापरातले दहा पर्याय येतात, 'विथ' सगळ्यात वर. फुली नसलेल्या शोधात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक काढणारं बटण आधी दाबा, नाहीतर वाक्यारंभीचं 'काइंडली' वेगळं मोजलं जातं. ग्राहक इंग्लंडचा की अमेरिकेचा त्याप्रमाणे पुस्तकसंच बदला. 'डिफरंट टू' इंग्लंडमध्ये खपतं, अमेरिकेत खटकतं.

'डू द नीडफुल' मूळचं इंग्रजांचंच, पण त्यांच्याकडे ते आता जुनाट झालंय. आपल्या ऑफिसांत खुशाल चालवा. परदेशी ग्राहकाला काय हवं ते सरळ लिहा: 'प्लीज सेंड द रिवाइज्ड ड्रॉइंग'.

चॅटबॉटला 'हे बरोबर आहे ना?' विचारलं की बरेचदा होकारच मिळतो. दोन पर्याय देऊन कोणता आणि का, असं विचारावं. पेस्ट करण्याआधी ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग नंबर आणि दर काढून टाका. वाक्य तपासायला ते लागत नाहीत.