प्रायमरीत कोणतं राज्य कोणाचं? कौल, काउंट्यांचं गणित आणि सट्टाबाजाराचा भाव

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्यवार निवडणुकीत, एखाद्या राज्याचा निकाल आधी सांगायचा असेल तर हाताशी तीन साधनं असतात. मतदानपूर्व कौलांची सरासरी, आधी मतदान झालेल्या राज्यांच्या काउंटीवार (काउंटी म्हणजे राज्यातला जिल्ह्यासारखा भाग) निकालांवरून मांडलेलं लोकसंख्येचं गणित, आणि सट्टाबाजारातले भाव. तिन्ही फुकट पाहता येतात आणि तिन्ही कधी ना कधी तोंडावर आपटलेली आहेत. कोणतं कधी वापरायचं, याबद्दलचं आमचं मत आधीच सांगून टाकतो. सुरुवातीच्या चार-पाच राज्यांत कौल वापरा. दहा-बारा राज्यं होऊन लढत दोघांत उरली की गणित. एखादा मोठा उमेदवार काल-परवा बाहेर पडला असेल, तर तेवढ्या दोन-तीन दिवसांपुरता बाजार.

नोव्हेंबरच्या निवडणुकीची सवय असलेल्याला प्रायमरी फसवते. नोव्हेंबरमध्ये पक्षाचं लेबल असतं आणि बहुतेकांचं मत वर्षभर आधीच ठरलेलं असतं. प्रायमरीत सगळे उमेदवार एकाच पक्षाचे. आज एकाला पसंती देणारा मतदार परवा दुसऱ्याकडे सहज जातो, त्याला पक्ष बदलल्यासारखं वाटत नाही. शिवाय मतदानाला किती आणि कोण येणार, हे राज्याच्या नियमांवर ठरतं. मिशिगनमध्ये पक्षनोंदणीच नाही, कोणीही कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो. न्यूयॉर्कमध्ये फक्त नोंदणीकृत पक्षमतदार. तिथे १९ एप्रिल २०१६ च्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत ९ ऑक्टोबर २०१५ ला, म्हणजे सहा महिने आधीच संपली होती. हा नियम न पाहता केलेला अंदाज कितीही सुबक सॉफ्टवेअरमधून आला तरी कच्चाच.

कौल

रीत सोपी आहे. मतदानाआधीच्या दोन-तीन आठवड्यांतले कौल घ्या, प्रत्येक संस्थेचा फक्त शेवटचा ठेवा, नाही तर रोज कौल काढणारी एकच संस्था सरासरी ओढून नेते. नमुना ‘नोंदणीकृत मतदारांचा’ आहे की ‘मतदानाला येण्याची शक्यता असलेल्यांचा’, ते बघा. प्रायमरीत दुसराच कामाचा. ‘ठरलेलं नाही’ म्हणणारे १० टक्क्यांच्या वर असतील, तर त्यांना उमेदवारांच्या सध्याच्या प्रमाणात वाटून टाकण्याचा मोह आवरा आणि अंदाजाचा पल्ला रुंद ठेवा. असे मतदार अनेकदा एकगठ्ठा एकीकडे झुकतात.

मग आघाडीचं शक्यतेत रूपांतर. प्रायमरीच्या राज्यवार कौलांमध्ये आघाडीची सरासरी चूक ९ टक्क्यांच्या आसपास राहत आली आहे, नोव्हेंबरच्या कौलांपेक्षा बरीच जास्त. सरासरी चूक ९ म्हणजे प्रमाणित विचलन (चुका किती पसरतात त्याचं माप) साधारण ११. त्या हिशेबाने ५ टक्क्यांची आघाडी म्हणजे जिंकण्याची शक्यता जेमतेम दोन-तृतीयांश, १० ची आघाडी म्हणजे सुमारे ८२ टक्के, २० ची म्हणजे ९६. पाच-सहा कौलांच्या सरासरीने चूक थोडी घटते, पण सगळ्यांनी मतदारांबद्दल तेच चुकीचं गृहीत धरलं असेल तर सरासरी काढून काही साधत नाही. एकाच पिठाच्या दहा भाकऱ्या चाखल्या तरी चव एकच.

८ मार्च २०१६ चं मिशिगन हे याचं ठळक उदाहरण. डेमोक्रॅटिक लढतीत कौलांच्या सरासरीत हिलरी क्लिंटन सुमारे २१ टक्क्यांनी पुढे होत्या. नामांकित अंदाजांनी त्यांना ९९ टक्क्यांहून अधिक शक्यता दिली होती. बर्नी सँडर्स दीड टक्क्याने जिंकले. कारणं तपासण्याजोगी आहेत. २००८ ची मिशिगन प्रायमरी तारखेच्या वादात सापडली होती आणि बराक ओबामांचं नाव मतपत्रिकेवरच नव्हतं. त्यामुळे ‘मतदानाला कोण येतं’ हे ठरवायला कौल घेणाऱ्यांकडे धड जुनी नोंद नव्हती. तरुण मतदार कमी धरले गेले. खुल्या प्रायमरीतले अपक्ष मतदार कमी धरले गेले. आणि बऱ्याच संस्थांनी शेवटच्या एक-दोन दिवसांत फोन करणं थांबवलं होतं. वरच्या हिशेबाने २१ च्या आघाडीलाही तीसात एकदा दगा बसायला हवा. दोन पक्षांच्या मिळून शंभरेक लढती होतात, तेव्हा असा दगा दर मोसमात दोन-तीनदा बसणारच. चूक कौलांची होती, पण ‘९९’ लिहिणाऱ्यांची त्याहून मोठी.

उलट दिशेची चूकही होते. २०२४ च्या रिपब्लिकन मोसमात, त्याच मिशिगनमध्ये, कौलांनी डोनाल्ड ट्रम्प यांना पन्नासहून अधिक टक्क्यांची आघाडी दिली होती. प्रत्यक्षात ती ४१ च्या आसपास आली. विजेता बरोबर, फरक चुकीचा. तुम्हाला फक्त विजेता हवा असेल तर हे चालतं, फरक हवा असेल तर नाही.

मराठी वाचकाला ओळखीचं उदाहरण म्हणजे बेळगावचे श्री ठाणेदार. २०१८ च्या सुरुवातीला मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत टीव्ही जाहिरातींच्या जोरावर ते काही कौलांत आघाडीवर होते, ऑगस्टमध्ये १७.७ टक्के मतांसह तिसरे आले. निवडणूक अध्यक्षपदाची नव्हती, पण धडा तोच: प्रायमरीत पाच महिने आधीचा कौल म्हणजे नावाची ओळख मोजणारी पट्टी.

काउंट्यांचं गणित

यात मेहनत जास्त आहे, पण योग्य वेळी वापरलं तर परतावाही. आधी मतदान झालेल्या राज्यांचे काउंटीवार निकाल घ्यायचे, सेन्सस ब्युरोच्या ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’मधून त्या काउंट्यांची लोकसंख्या-रचना घ्यायची, दोन्हींचा संबंध रिग्रेशनने (एका आकड्यावरून दुसरा किती बदलतो ते काढणाऱ्या संख्याशास्त्रीय रीतीने) काढायचा आणि तो पुढच्या राज्याच्या काउंट्यांना लावायचा. ६ मे २००८ ला नॉर्थ कॅरोलायना आणि इंडियाना एकाच दिवशी होती. निवडणुकांचे अंदाज मांडणारे नेट सिल्व्हर तेव्हा ‘पोब्लानो’ या टोपणनावाने लिहीत. त्यांच्या गणिताने ओबामा नॉर्थ कॅरोलायनात १७ टक्क्यांनी आणि क्लिंटन इंडियानात २ टक्क्यांनी पुढे राहतील असं सांगितलं. निकाल आले ते साधारण १५ आणि १ टक्का. नॉर्थ कॅरोलायनात कौलांची सरासरी आघाडी एक आकडी होती.

बांधणीत चुका कुठे होतात? पहिली आणि सर्वात महाग चूक लोकसंख्या आणि मतदार यांची गल्लत. साउथ कॅरोलायनाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय एक चतुर्थांशाच्या थोडे वर आहेत, पण २०१६ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत मतदानाला आलेल्यांत एक्झिट पोलनुसार ते ६१ टक्के होते. म्हणून काउंटीच्या एकूण लोकसंख्येचा आकडा तसाच न घालता, नोव्हेंबरमधली त्या पक्षाची मतं पाहून तो पक्षाच्या मतदारांपुरता बदलून घ्या.

दुसरी, चलांची (गणितात घातलेल्या घटकांची) खोगीरभरती. कृष्णवर्णीयांचं प्रमाण, लॅटिनोंचं प्रमाण, पदवीधरांचं प्रमाण, वय, आणि प्रायमरी की कॉकस (पक्षाच्या सभेत जमून होणारी निवड), एवढ्या पाचांवर सुरुवात करा. आयोवात ९९ काउंट्या आणि मिशिगनमध्ये ८३, म्हणजे भरपूर नोंदी आहेत असं वाटतं. पण एका राज्यातल्या काउंट्या एकत्रच वर-खाली होतात, म्हणून खरा नमुना राज्यांच्या संख्येएवढाच धरावा. चाचणीसाठी दरवेळी एक अख्खं राज्य बाहेर ठेवून बाकीच्यांवरून त्याचा अंदाज काढा. यादृच्छिक काउंट्या बाहेर ठेवल्या तर चूक फसवी लहान दिसते. काउंट्यांना पडलेल्या मतांनुसार वजन द्या, नाही तर हजार मतांची काउंटी डेट्रॉइटच्या वेन काउंटीच्या बरोबरीने बोलते.

प्रायमरी-कॉकसचा मुद्दा वेगळा सांगायला हवा, कारण यात अंदाज पुरता उलटू शकतो. कॉकसमध्ये ठरलेल्या वेळी जाऊन तासन्‌तास थांबावं लागतं, म्हणून कमी पण जिद्दी लोक येतात. वॉशिंग्टन राज्यात मार्च २०१६ च्या कॉकसमध्ये सँडर्सना सुमारे ७३ टक्के मिळाले. त्याच राज्यात मे महिन्यात बंधनकारक नसलेली प्रायमरी झाली, ती क्लिंटन यांनी ५२ विरुद्ध ४८ अशी जिंकली. नेब्रास्कातही तेच: कॉकस सँडर्सकडे, प्रायमरी क्लिंटनकडे. राज्य तेच, उमेदवार तेच, अवघ्या दोन महिन्यांचं अंतर.

प्रदेश हाही घटक. २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनात कृष्णवर्णीय मतदारांपैकी सँडर्सना १४ टक्के मिळाले, मिशिगनमध्ये २८. फक्त दक्षिणेच्या निकालांवर बांधलेलं गणित उत्तरेत लावलं, तर चूक इथेच शिरते.

आणि मागच्या मोसमाचा नकाशा नव्या मोसमाला लावू नका. २०१६ मध्ये मिशिगनच्या बहुतेक काउंट्या सँडर्सकडे गेल्या होत्या. १० मार्च २०२० ला जो बायडन यांनी ८३ च्या ८३ जिंकल्या. २०१६ ची ग्रामीण श्वेत मतं सँडर्सपेक्षा क्लिंटनविरोधाची जास्त होती, हे समोर दुसरा प्रतिस्पर्धी आल्यावर कळलं. उमेदवारांची जोडी बदलली की जुने गुणांक (प्रत्येक घटकाचा गणिताने काढलेला परिणाम) रद्द. या साधनाची खरी मर्यादा हीच: मोसम सुरू होताना त्याच्याकडे काहीच नसतं आणि सात-आठ जण रिंगणात असताना ते गोंधळतं.

बाजार

अंदाज खरा ठरला तर एक डॉलर मिळतो, म्हणून ५६ सेंटचा भाव वरवर ५६ टक्के शक्यता सांगतो. पण भाव वाचणं वाटतं तितकं सरळ नाही. ‘प्रेडिक्टइट’ या सट्टाबाजाराच्या साइटवर बरीच वर्षं एका करारावर ८५० डॉलरची मर्यादा, नफ्यावर १० टक्के आणि पैसे काढताना ५ टक्के कापले जात. त्यामुळे सगळ्या उमेदवारांच्या ‘हो’ भावांची बेरीज १०० च्या वर जाते. बेरीज ११२ असेल तर ५६ सेंटचा भाव म्हणजे ५६ टक्के नव्हे, ५६ भागिले ११२, म्हणजे ५०. तळाच्या भावांवर तर विश्वासच नको. २०२० च्या वसंतात उमेदवारच नसलेल्या हिलरी क्लिंटन यांच्या नावालाही नामांकनाच्या बाजारात काही सेंट भाव होता. त्याआधी फेब्रुवारीच्या मध्यात मायकेल ब्लूमबर्ग त्याच बाजारात दुसऱ्या क्रमांकावर होते; त्यांनी जिंकला तो फक्त अमेरिकन सामोआ हा छोटा बेटप्रदेश.

मग बाजार हवा कशाला? वेगासाठी. २६ फेब्रुवारी २०२० ला साउथ कॅरोलायनाचे खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडन यांना पाठिंबा दिला. २९ ला साउथ कॅरोलायना बायडन यांनी सुमारे २९ टक्क्यांनी जिंकलं. शेवटच्या कौलांत आघाडी १५ च्या आसपास होती. १ मार्चला पीट बुटिजेज आणि २ मार्चला एमी क्लोबुचर बाहेर पडले, आणि ३ मार्चला १४ राज्यांत मतदान होतं. इतक्या कमी वेळात धड कौल निघू शकत नव्हता आणि गणिताकडे दोघांच्या लढतीचा एकही निकाल नव्हता. बाजार मात्र तासातासाला बायडन यांच्याकडे सरकत होता. बायडन यांनी १४ पैकी १० राज्यं घेतली, त्यांत क्लोबुचर यांचं मिनेसोटा आणि एलिझाबेथ वॉरन यांचं मॅसॅच्युसेट्सही. एरवी, शांत आठवड्यात, बाजार कौलच वाचत बसलेला असतो. मिशिगन २०१६ मध्ये तोही क्लिंटन यांच्याच बाजूने होता. कौलांच्या जोडीला तो धरला, तर एकच माहिती दोनदा मोजली जाते. आणि भारतातल्या वाचकाने भाव फक्त वाचावेत: २०२५ च्या कायद्यानंतर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना इथे बंदी आहे.

एकत्र करायचं असेल तर

कौल आणि गणित यांना आपापल्या आतापर्यंतच्या चुकीच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) व्यस्त प्रमाणात वजन द्या. इथे चूक म्हणजे वरचं प्रमाणित विचलन. समजा त्या मोसमात कौलांची चूक १० आणि बाहेर-ठेवलेल्या-राज्यांवर गणिताची चूक ७ आली. वजनं १/१०० आणि १/४९, म्हणजे साधारण ३३ आणि ६७. कौल म्हणतात अ २० ने पुढे, गणित म्हणतं २ ने. मिळून अ सुमारे ८ ने पुढे. दोन्ही चुका पूर्ण स्वतंत्र नसतात, म्हणून एकत्रित चूक सूत्रातल्या ५.७ ऐवजी ८ धरा: जिंकण्याची शक्यता ८४ टक्के. दोन साधनांत, या उदाहरणासारखी, १५ टक्क्यांहून जास्त तफावत दिसली तर वजनं लावण्याआधी कारण शोधा. कौल जुना आहे, राज्य कॉकसचं आहे, उमेदवाराचं गृहराज्य आहे, की गेल्या आठवड्यात कोणी माघार घेतली?

डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, सांगायचे असतील तर आणखी एक पायरी आहे. डेमोक्रॅट पक्षात राज्यात किंवा काँग्रेस मतदारसंघात १५ टक्क्यांखाली राहिलेल्याला तिथले डेलिगेट मिळत नाहीत. साउथ कॅरोलायनात २०२० मध्ये बायडन यांना ४८.६ आणि सँडर्सना १९.८ टक्के मतं होती, बाकी सगळे १५ च्या खाली. ५४ डेलिगेट ३९ आणि १५ असे वाटले गेले. त्यामुळे १३ आणि १६ टक्क्यांमधला फरक आघाडीच्या फरकापेक्षा मोलाचा ठरतो आणि १५ च्या आसपासच्या उमेदवाराला एकच आकडा न देता पल्ला द्यावा लागतो. रिपब्लिकन पक्षात नियम राज्यागणिक बदलतात: २०१६ मध्ये फ्लोरिडात ट्रम्प यांना सुमारे ४६ टक्के मतांवर सगळेच्या सगळे ९९ डेलिगेट मिळाले होते.

टपाली मतांची राज्यं शेवटी बघा. कॅलिफोर्नियात मतपत्रिका मतदानाच्या महिनाभर आधी घरी पोचतात, त्यामुळे २०२० मध्ये बाहेर पडलेल्या बुटिजेज यांच्या नावावरही तिथे मतं आधीच पडून गेली होती. माघारीचा परिणाम सगळ्या राज्यांत सारखा न धरता आधी किती मतदान झालं आहे तेवढा कापून धरा. मोजणीही तिथे काही आठवडे चालते, म्हणून आपला अंदाज बरोबर ठरला की नाही याची नोंद निकालाच्या रात्री करू नका. राज्याने आकडे प्रमाणित केले की मगच ‘चूक’ या रकान्यात आकडा भरा, कारण पुढच्या राज्याची वजनं त्याच रकान्यातून निघणार आहेत.