नागपूरचा उन्हाळा आणि फोनो प्रीअँपचा शंट रेग्युलेटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

डिसेंबरात हा शंट रेग्युलेटर, म्हणजे पुरवठ्याचा व्होल्टेज स्थिर ठेवणारा सर्किट, बांधला तेव्हा सगळं झकास होतं. बाबांच्या तबकड्यांसाठी केलेल्या फोनो प्रीअँपला, म्हणजे सुईकडून येणारा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटला, अधिक-उणे १५ व्होल्टचा पुरवठा हवा होता. ७८१५ आणि ७९१५ या नेहमीच्या रेग्युलेटर चिप काढून मी किटचे दोन शंट रेग्युलेटर बसवले. रात्री कुमार गंधर्वांची तबकडी लावली. सुई खाली टेकल्यापासून तंबोरा लागेपर्यंतची जी पोकळी असते, तिथली बारीक घुंई नाहीशी झाली होती. फोनोमध्ये खालच्या सुरांना जास्त वर्धन द्यावं लागतं, आणि रेक्टिफायरमधून (एसीचा डीसी करणाऱ्या भागातून) येणारी १०० हर्ट्झची गुणगुण नेमकी तिथेच असते. म्हणून या जागी पुरवठ्याचा स्वच्छपणा लगेच ऐकू येतो. त्या कामात हा सर्किट मला आजही आवडतो.

उष्णतेची गोष्ट वेगळी. ती मला एप्रिलमध्ये कळली.

शंट रेग्युलेटरची रचना सोडा वॉटरच्या गाडीवरच्या सतत वाहत्या नळासारखी समजा. वरचा करंट सोर्स ठरलेला प्रवाह सोडतच राहतो, प्रीअँप त्यातला हवा तेवढा घेतो आणि उरलेला शंट मॉस्फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) जमिनीत ओततो. ७८१५ मध्ये लोड, म्हणजे प्रीअँप घेतो तो प्रवाह, कमी झाला की उष्णताही कमी होते. इथे तसं नाही. लोड काढून घेतला तर शंट उलट जास्तच तापतो, कारण सगळा प्रवाह त्याच्या वाट्याला येतो.

माझे आकडे असे होते. ट्रान्सफॉर्मर १८-०-१८, फिल्टरनंतर सुमारे २५ व्होल्ट, आणि किटमध्ये करंट २०० मिलिअँपवर बांधलेला. म्हणजे करंट सोर्सवर १० गुणिले ०.२, २ वॉट. प्रीअँप घेतो फक्त ३० मिलिअँप, तेव्हा शंटवर १५ गुणिले ०.१७, जवळपास २.५ वॉट. एका बाजूला ५ वॉट खर्च करून प्रीअँपच्या पदरात अर्धा वॉटही पडत नव्हता. दोन्ही बाजू मिळून १० वॉटची शेगडी, तीही बंद लोखंडी डब्यात.

हिवाळ्यात झाकण उघडं ठेवून तपासलं होतं, खोलीत २० अंश होते, हीटसिंक (मॉस्फेटची उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) सत्तरच्या आसपास. म्हटलं, चालतंय. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कूलर लावूनही खोलीत ३८ अंश, झाकण बंद, आणि डब्यावर हात ठेववेना. मल्टिमीटरचा थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) आत सोडला तर हीटसिंकवर ९६! मॉस्फेट त्यानं जळत नाही, त्याची आतली मर्यादा १५० अंशांची असते. पण त्याच्या शेजारी अर्ध्या इंचावर २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता, तोही ८५ अंशांपर्यंतच चालणारा, आणि त्याची टोपी वर फुगली होती. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांमागे साधारण निम्मं होतं. किट विकणाऱ्यानं एवढे छोटे हीटसिंक देऊन त्यांच्याच बाजूला ८५ अंशांचा कपॅसिटर ठेवायला सांगणं चुकीचं आहे. पत्रकात उष्णतेबद्दल एक ओळही नव्हती, याचा मला आजही राग येतो.

दुसरी गोष्टही तेव्हाच दिसली. करंट सोर्स एलईडीच्या संदर्भावर चालतो, म्हणजे एलईडीवरच्या ठरावीक व्होल्टेजवरून करंट ठरतो. सोर्स रेझिस्टर ७.५ ओहमचा आहे, त्यावरचा व्होल्टेज मोजला की करंट कळतो. थंड असताना १.५ व्होल्ट, तासाभरानं १.६७. म्हणजे २०० चे २२३ मिलिअँप. करंट सोर्समधला मॉस्फेट तापला की त्याला कमी गेट व्होल्टेज (त्याला चालू ठेवणारा व्होल्टेज) पुरतो, करंट वाढतो, आणि वाढलेला करंट त्याला आणखी तापवतो.

पहिला उपाय मी मोठ्या हीटसिंकचा करायला गेलो. खरं तर पहिला उपाय करंट कमी करण्याचा. लोड ३० असेल तर शंटला काम करायला आणखी ५०-७० पुरे. रेझिस्टर ७.५ चा १५ ओहम केला, करंट १०५ वर आला. उष्णता जवळपास निम्मी झाली. जास्त करंटनं आवाज खुलतो असं बरेच जण सांगतात. मी आठवडाभर दोन्ही ऐकून पाहिले. माझ्या कानाला फरक कळला नाही, आणि मी मन लावून ऐकतो.

मग करंट सोर्सच्या आधी २२ ओहमचा ५ वॉटचा सिमेंट रेझिस्टर आणि पुढे आणखी एक कपॅसिटर घातला. तिथे सव्वादोन-अडीच व्होल्ट पडतात, तेवढी उष्णता मॉस्फेटऐवजी रेझिस्टर सोसतो, आणि त्याला ती सोसते. शिवाय रिपलही, म्हणजे पुरवठ्यात उरलेली ती गुणगुण, घटतो. रात्री लाइन २४५ व्होल्टपर्यंत चढते, तेव्हा ही सोय फार उपयोगी पडली.

हीटसिंक डब्याबाहेर, मागच्या पत्र्यावर, त्यांची पाती उभी. आडवी बसवली तर गरम हवा खाचांमध्ये अडून राहते. चारही मॉस्फेटखाली (करंट सोर्सचे दोन, शंटचे दोन) अभ्रक आणि दोन्ही बाजूंना पेस्टचा अगदी पातळ थर. इथे घाई करू नका. मॉस्फेटच्या या आकाराच्या (टीओ-२२०) धातूच्या पाठीला त्याचा एक पाय, ड्रेन, आतून जोडलेला असतो, म्हणून ती पत्र्याला थेट टेकली की शॉर्ट. माझ्या पहिल्या प्रयत्नात स्क्रूजवळचा प्लास्टिकचा बुश फाटला होता, मीटरनं तपासलं म्हणून वाचलं.

मॉस्फेट बाहेर न्यायला मी आधी १२ सेंटिमीटरच्या वायरी ओढल्या होत्या. आउटपुट १५ ऐवजी १४.६ दाखवू लागला आणि हीटसिंक विनाकारण तापू लागला. मित्राकडच्या ऑसिलोस्कोपवर स्पष्ट दिसलं, लांब वायरींमुळे सर्किट ऑसिलेट होत होता, म्हणजे स्वतःहूनच वेगानं कंप पावत होता. शेवटी बोर्डच हीटसिंकला लागून उभा केला आणि २२० ओहमचे गेट रेझिस्टर अगदी पायांशी जोडले. तेव्हापासून शांत.

मे संपताना नवतप्यात पुन्हा मोजलं. खोली ३९, हीटसिंक ५८. करंट तासाभरात १०५ वरून १०९, त्यापुढे स्थिर. कपॅसिटर आता १०५ अंशांचे आहेत आणि डब्याच्या दुसऱ्या टोकाला; त्यांच्या अंगावर ४७.

आता ऑगस्ट आहे. दर महिन्याला ब्रशनं हीटसिंकची पाती झाडतो, कारण कूलरच्या दमट हवेत धूळ चिकटून घट्ट थर बसतो. जूनमध्ये त्यानंच चार अंश वाढलेले दिसले होते. तुम्ही बांधणार असाल तर आधी तुमच्या प्रीअँपचा करंट मोजा आणि हीटसिंकचा हिशेब ४० अंशांच्या खोलीसाठी करा. आणि लोड न जोडता तपासत असाल तर शंटवर हात ठेवू नका, त्या वेळी तो सगळ्यात गरम असतो.