कोलंबस, इंडियाना येथे भाड्याचे घर: गाडी कुठे उभी करणार?

इंडियाना राज्यातील कोलंबस हे 2020 च्या जनगणनेनुसार 50,474 लोकवस्तीचे शहर आहे. इंजिने बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचे मुख्यालय तेथे असल्यामुळे पुण्याहून बदलीवर किंवा नव्या नोकरीवर जाणाऱ्या अभियंत्यांची तेथे नियमित ये-जा असते. घर शोधताना संकेतस्थळांवर ओहायो राज्यातील कितीतरी मोठ्या कोलंबसची घरे अधूनमधून समोर येतात, म्हणून शोध 47201 किंवा 47203 या पिनकोडांवरूनच घ्यावा. शहरात बससेवा आहे, परंतु मार्ग मोजके असल्याने नोकरी, वाणसामान आणि मुलांची शाळा हे सारे तिच्या भरवशावर जमवणे अवघड जाते. त्यामुळे बहुतेक कुटुंबांकडे पहिल्या काही महिन्यांतच एक आणि वर्षभरात दुसरी गाडी येते. गाडीला जागा मिळेल का, ही पुण्यातली चिंता तेथे नसते. ती जागा दारापासून किती लांब आहे, तिच्यावर छप्पर आहे का आणि तिचे पैसे भाड्यात धरले आहेत की वेगळे, हे प्रश्न मात्र घर ठरवण्यापूर्वीच विचारावे लागतात.

पहिला पर्याय शहराच्या मध्यभागातील अपार्टमेंटचा आहे. या भागात गाडी बहुधा बहुमजली पार्किंग इमारतीत ठेवली जाते आणि रस्त्याकडेच्या जागांना दिवसा तासांची मर्यादा असते. कमिन्सचे मुख्य कार्यालय, आय. एम. पेई यांनी आराखडा केलेले ग्रंथालय आणि वॉशिंग्टन स्ट्रीटवरील दुकाने पायी गाठता येत असल्यामुळे एकट्या माणसाचे किंवा नवरा-बायकोचे एका गाडीवर सहज भागते. मात्र भाडे शहराच्या कडेच्या घरांपेक्षा साधारणतः जास्त असते, दुसऱ्या गाडीच्या जागेचे पैसे वेगळे पडू शकतात आणि आठवड्याचा बाजार पार्किंगच्या मजल्यावरून लिफ्टने घरापर्यंत वाहून न्यावा लागतो. शिवाय ज्यांचे काम दक्षिणेला वेल्सबरो येथील इंजिन कारखान्यात आहे, त्यांना रोज गाडी काढावीच लागत असल्यामुळे मध्यभागाच्या जवळिकीसाठी जास्त भाडे मोजण्यात फारसे हशील नाही.

दुसरा आणि सर्वांत सर्रास आढळणारा पर्याय म्हणजे कडेची मोठी अपार्टमेंट संकुले. तेथे उघड्या आवारातील जागा सहसा भाड्यातच येते, तर कारपोर्ट (वर छप्पर, पण बाजूंनी उघडी जागा) किंवा इमारतीपासून सुटे असलेले गॅरेज दरमहा वेगळे पैसे भरून मिळते. उघड्या जागेची खरी परीक्षा डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात होते. गोठणारा पाऊस पडून गेल्यावर सकाळी काच खरवडण्यात बराच वेळ जातो आणि जुनी बॅटरी नेमकी त्याच दिवशी दगा देते. वसंतातील वादळांबरोबर गारा पडतात. गाडीच्या पत्र्याचे ते नुकसान भाडेकरूच्या (घरातील सामानाच्या) विम्यातून नव्हे, तर गाडीच्या विम्यातील ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ भागातून आणि तेही आपल्या वाट्याची रक्कम वजा जाता भरून मिळते. कारपोर्ट दंव आणि हिम अडवतो, गाराही बऱ्याच अंशी अडवतो, म्हणून त्याचे पैसे सहसा वसूल होतात. सुट्या गॅरेजबद्दल मात्र माझे मत प्रतिकूल आहे. ते अनेकदा आपल्या जिन्यापासून इतके लांब असते की थंडीत तेथवर चालत जाण्यापेक्षा गाडी दारासमोरच लावली जाते, आणि काही महिन्यांत त्या गॅरेजमध्ये रिकामी खोकी व जुने फर्निचर तेवढे उरते. घर पाहायला गेल्यावर आपल्याला मिळणारे गॅरेज नेमके कोणते, हे प्रत्यक्ष दाखवायला सांगावे.

तिसरा पर्याय जोडलेले गॅरेज असलेल्या टाउनहाउसचा (एकमेकांना लागून असलेल्या घरांपैकी एक) किंवा डुप्लेक्सचा (दोन कुटुंबांसाठी दोन स्वतंत्र घरे असलेली इमारत). भाडे पाहून प्रथम दचकायला होते, पण ही तुलना एकूण रकमेवर करायला हवी. दोन शयनगृहांच्या अपार्टमेंटचे भाडे, कारपोर्टचे पैसे आणि अपार्टमेंटमध्ये धुलाई यंत्र नसल्यास त्याचा खर्च एकत्र धरला की फरक पुष्कळ कमी होतो. लहान मूल असलेल्या घरात, गोठलेल्या सकाळी त्याला आतल्या आतच गाडीत बसवता येणे या एका सोयीसाठी मी तो फरक मोजेन. विजेवर चालणारी गाडी असेल तर गॅरेजमधील साध्या 120 व्होल्टच्या सॉकेटवर तासाला साधारण 3 ते 5 मैलांइतके चार्जिंग होते, जे या आकाराच्या शहरातल्या रोजच्या फेऱ्यांना रात्रभरात पुरते. 240 व्होल्टची जोडणी करायची झाल्यास मालकाची लेखी परवानगी घ्यावी. या पर्यायाचा तोटा असा की संकुलात आवारातला बर्फ व्यवस्थापन काढते, तर येथे दारापुढचा बर्फ काढणे पुष्कळदा भाडेकरूकडे येते, आणि त्याचे फावडेही आपल्यालाच घ्यावे लागते. बंद गॅरेजमध्ये इंजिन ‘गरम करण्यासाठी’ चालू ठेवू नये, हे पुण्याहून नव्याने आलेल्यांना स्पष्ट सांगावे लागते, कारण त्यातील कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो आणि जिवावर बेतू शकते.

तळमजल्याच्या किंवा जोडलेल्या गॅरेजच्या घराबाबत पुराचा विचारही करावा लागतो. जून 2008 मध्ये हॉ क्रीकला आलेल्या पुराने शहरातील रुग्णालय रिकामे करावे लागले होते. पुराच्या पाण्याने होणारे सामानाचे नुकसान भाडेकरूच्या नेहमीच्या विम्यात धरलेले नसते. घराचा पत्ता फेमा या अमेरिकी आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या पूरनकाशावर पाहणे विनामूल्य आहे आणि त्याला फार वेळही लागत नाही.

कोणताही पर्याय घेतला तरी पार्किंगची प्रत्येक गोष्ट करारात किंवा त्याच्या जोडपत्रात लिहून घ्यावी: किती गाड्या, जागा क्रमांकाची आहे की मिळेल ती, पाहुण्यांची गाडी कुठे लावायची आणि गॅरेजचा रिमोट हरवल्यास काय आकारणार. लीजिंग ऑफिसमधील तोंडी आश्वासन वर्षभराने कुणालाही आठवत नाही. इंडियानात अनामत रकमेवर कायद्याने कमाल मर्यादा नाही. घर सोडून नवा पत्ता लेखी कळवल्यावर, कापलेल्या रकमेच्या तपशिलासह ती परत करण्यासाठी मालकाला 45 दिवसांची मुदत असते.

वर्षभराच्या बदलीवर एकट्याने जाणाऱ्याने, कार्यालय मध्यभागात असल्यास पहिला आणि कारखान्यात असल्यास कारपोर्टसह दुसरा पर्याय घ्यावा. दोन गाड्या आणि लहान मूल असलेल्या कुटुंबाने तिसऱ्यापासून शोध सुरू करावा. दरवर्षी डिसेंबरमध्ये तीन-चार आठवडे भारतात येणाऱ्यांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची ठरते. उघड्या आवारात बर्फ काढताना गाड्या हलवायला सांगतात आणि न हललेली गाडी काही संकुले उचलूनही नेतात. अशा वेळी गॅरेज नसेल तर गाडीची किल्ली शेजारच्या एखाद्या ओळखीच्या कुटुंबाकडे देऊन, आठवड्यातून एकदा तिची फेरी मारायला सांगून निघावे. मात्र त्या व्यक्तीने गाडी चालवलेली आपल्या विम्यात बसते का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.