लूप पॉवर्ड आयसोलेटर: आठ महिन्यांनंतर, आणि 82 टक्क्यांवर अडकलेली टाकी

परवा टाकी भरून वाहत होती आणि स्क्रीनवर लेव्हल 82 टक्के. म्हणून पॅनेलमधल्या आयसोलेटरबद्दल (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवून सिग्नल पुढे देणारं उपकरण) लिहायला बसलोय.

आधी 0 ते 10 व्होल्टचा सेन्सर होता, केबल 350 मीटर, त्यातली निम्मी व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) पॉवर केबलला चिकटून गेलेली. मोटर सुरू झाली की रीडिंग नाचायचं. 4-20 मिलिअँपवर (लेव्हल करंटने सांगायची, शून्याला 4, शंभर टक्क्यांना 20) गेलो तेव्हा बराच फरक पडला, पण थोडा हेलकावा राहिलाच, कारण टाकीकडचं आणि पॅनेलचं अर्थिंग एका पातळीवर नव्हतं, शिवाय शील्ड (केबलवरचं धातूचं आवरण) दोन्ही टोकांना अर्थ केलेली. टाकीकडची सोडवली आणि पॅनेलमध्ये हा आयसोलेटर बसवला. त्याला वेगळा सप्लाय लागत नाही, लूपमधूनच, म्हणजे सिग्नलच्याच सर्किटमधून खातो. त्या दिवसापासून रीडिंग एकदम स्थिर, खूप समाधान वाटलं.

आता ओव्हरफ्लो. मी सरळ आयसोलेटर खराब म्हणून सर्व्हिसला फोन केला, ते म्हणाले केबल तपासा, मी चिडलो, बराच वाद झाला. मग ट्रान्समीटरच्या (टाकीवरच्या, लेव्हलप्रमाणे करंट ठरवणाऱ्या सेन्सरच्या) टर्मिनलवर मल्टीमीटर लावला तर जेमतेम 12 व्होल्ट. म्हणजे ट्रान्समीटरला चालायला लागतात तेवढेच, त्याहून वर करंट चढवायला जागाच नाही. जंक्शन बॉक्स उघडला तर आत 250 ओहमचा रेझिस्टर! मागच्या महिन्यात कॅलिब्रेशनवेळी हार्ट कम्युनिकेटर (ट्रान्समीटरचं सेटिंग करायचं हातातलं यंत्र) जोडायला टाकला होता आणि काढायचा राहिला. हिशोब करा: 24 व्होल्टमधले 12 ट्रान्समीटरचे, 3 आयसोलेटरचे, उरले 9. पीएलसीच्या (सिग्नल वाचून पंप चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) कार्डचे 250, हा रेझिस्टर 250, वायरीचे येऊन-जाऊन 26, एकूण 526 ओहम. 9 भागिले 526 म्हणजे 17.1 मिलिअँप, म्हणजे बरोबर 82 टक्के. टाकी एरवी 70 च्या वर जातच नाही, म्हणून महिनाभर कोणाला पत्ता नाही. रेझिस्टर काढला, सगळं पूर्ववत. आयसोलेटरचा दोष नव्हता, सर्व्हिसवाल्याला फोन करून माफी मागितली.

पण एका गोष्टीवर मी अजूनही नाराज आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. या आयसोलेटरला टेस्ट पॉइंट (मीटर लावायची सॉकेट) नाहीत! करंट मोजायचा तर वायर सोडवून मीटर सिरीजला टाकायचा, आणि वायर सोडवली की पीएलसीला 0 मिलिअँप दिसतो, तो वायर तुटली असं समजून पंप ट्रिप करतो. ही 4-20 ची चांगलीच बाजू आहे, शून्य लेव्हलला 4 असल्यामुळे तुटलेली वायर लगेच कळते, पण चालू प्लांटमध्ये नुसतं मोजायला पंप बंद करायचा म्हणजे काय? वरून स्क्रू इतके बारीक की साधा टेस्टर बसत नाही, आणि दोन वेळा फेरुल (वायरच्या टोकावरची धातूची टोपी) सुटून आलं. दोन सॉकेट आणि एक डायोड द्यायला कंपनीला काय जड होतं?

शेवटी मीच बाजूच्या टर्मिनलमध्ये 1एन4007 डायोड सिरीजला घातला. मीटर मिलिअँपवर ठेवून त्याच्या दोन टोकांना लावला की करंट मीटरमधून जातो, लूप तुटत नाही. डायोडचे 0.7 व्होल्ट गेले, पण आता रेझिस्टर नसल्यामुळे लूपला ते परवडतात. काल टाकी 96 टक्क्यांपर्यंत भरून बघितली, मीटरवर 19.36.